अंतराचा तक्ता आणि नववी रांग

आमच्या वाचनकट्ट्याला दर महिन्यासाठी एक ठरलेली जागा हवी होती. आतापर्यंत तो कुणाच्या ना कुणाच्या घरी भरायचा, पण चौदा घरं झाल्यावर दाराशी चपलांनाच जागा पुरेना. चार हॉल डोळ्यांसमोर होते. कोणता घ्यायचा यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन आठवडे काथ्याकूट झाला. प्रत्येकाला आपल्या घराजवळचाच हॉल 'सगळ्यांना सोयीचा' वाटतोय हे लक्षात आल्यावर मी म्हटलं, थांबा, मोजूनच टाकू.

मोजायला फार काही लागत नाही. गूगल मॅप्ससारख्या नकाशासेवांना प्रोग्राममधून प्रश्न विचारता येतो. एका बाजूला १४ पत्ते, दुसऱ्या बाजूला ४ हॉल, म्हणजे ५६ खाने. प्रत्येक खान्यात दोन आकडे येतात, अंतर किती आणि वेळ किती. चहा निवायच्या आत तक्ता तयार होता. एडिसनजवळचा एक हॉल सरासरी २१ मिनिटांवर होता, बाकीचे तिन्ही त्याच्या मागे. मी हिरवे-पिवळे रंग भरून तक्ता ग्रुपवर टाकला. अंगठे वर आले, आणि वाद मिटला असं मला वाटलं.

संध्याकाळी एका काकांचा निरोप आला. ते जर्नल स्क्वेअरला मुलाकडे राहतात, स्वतः गाडी चालवत नाहीत आणि मुलगा रविवारी कामावर असतो. त्यांनी एवढंच लिहिलं होतं : "तक्ता छान झालाय. यात मी कुठे आहे?"

ते नवव्या रांगेत होते. ३४ मिनिटं. पण ती ३४ मिनिटं काकांची नव्हतीच, ती त्यांच्याकडे नसलेल्या गाडीची होती. प्रवास कशानं करायचा हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं, आणि न लिहिल्यास सेवा मोटार गृहीत धरते. 'सार्वजनिक वाहतूक' असं लिहून, रविवार दुपारची वेळ देऊन तोच खाना पुन्हा मोजला तर उत्तर आलं ११० मिनिटं. त्यातही शेवटचा टप्पा पदपथ नसलेल्या रस्त्यानं पायी.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे, आणि ते मांडण्यासाठी हा लेख. असले तक्ते आपल्या मंडळांमधून, शाळांमधून, कार्यालयांमधून आता सर्रास वापरले जातात. 'बघा, गणितच सांगतंय' असं म्हणून त्यांच्या आधारानं निर्णय घेतले जातात. पण तक्ता भरण्याआधी तीन निर्णय झालेले असतात : प्रवास कोण करतोय, केव्हा करतोय, आणि शेवटी आकड्यांची बेरीज बघायची की सर्वांत मोठा आकडा. हे तिन्ही निर्णय आपले असतात. ते आपण घेतले नाहीत तर सेवेतल्या ठरावीक पर्यायांनी घेतलेले असतात, आणि त्यांचा फटका बहुतेक वेळा गाडी नसलेल्यांना बसतो.

'अंतर' हा शब्द किती फसवा आहे हे बघायला जर्सी सिटीसारखी जागा नाही. एक्स्चेंज प्लेसच्या धक्क्यावर उभे राहा. समोर हडसनपलीकडे वर्ल्ड ट्रेड सेंटर दिसतं. अक्षांश-रेखांशांवरून काढलं तर सरळ रेषेत अंतर सव्वा मैल. हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. पाथची गाडी नदीखालून पाचेक मिनिटांत तिथे नेते. मोटारीनं जायचं तर आधी उत्तरेला हॉलंड टनेलपर्यंत जायचं, बोगदा ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा खाली यायचं. आणि पायी? १९२७ साली उघडलेल्या त्या बोगद्यात पादचाऱ्यांना प्रवेश नाही. फेरीबोट धरायची नसेल तर पायी नदी ओलांडायला थेट जॉर्ज वॉशिंग्टन पूल गाठावा लागतो, म्हणजे जाऊन-वळून वीस मैलांहून अधिक चाल. दोन ठिकाणं तीच, आणि अंतर सव्वा मैलही आणि वीस मैलही.

शिवाय हे अंतर जाताना एक आणि येताना दुसरं असू शकतं. आपल्याला वाटतं, इथून तिथे जेवढं तेवढंच तिथून इथे. एकदिशा रस्त्यांनी भरलेल्या गावात तसं नसतं, आणि खर्च धरला तर मुळीच नसतं. हॉलंड टनेलचा टोल फक्त न्यूयॉर्ककडे जाताना घेतात, परतताना नाही. त्यात जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याखालच्या भागात मोटार नेली की गर्दीच्या वेळी आणखी ९ डॉलर्सचा आकार सुरू झाला. म्हणजे अंतरांचा तक्ता अर्धा भरून उरलेला आरशात पाहिल्यासारखा उतरवता येत नाही. दोन्ही बाजू मोजाव्याच लागतात.

नकाशासेवा हे सगळं एवढ्या झटपट कशी मोजते? तिच्यासाठी गाव म्हणजे चौकांचे ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण. प्रत्येक बाणावर एक वजन लिहिलेलं असतं, मैल किंवा मिनिटं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत, रॉटरडॅमहून ख्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कसा काढावा याची रीत शोधली. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. कल्पना अशी करा : एका चौकात पाणी ओतलं आणि ते प्रत्येक रस्त्यानं, त्या रस्त्याच्या वेगानं पसरू लागलं. एखाद्या चौकाला पाणी पहिल्यांदा जेव्हा लागेल, तो तिथे पोचायचा कमीत कमी वेळ. गंमत म्हणजे पाणी एकदा ओतलं की एकाच नव्हे, वाटेतल्या सगळ्याच चौकांची उत्तरं मिळतात. त्यामुळे ५६ खान्यांसाठी ५६ वेळा पाणी ओतावं लागत नाही. बाण उलटे करून चार हॉलपासून चार वेळा ओतलं की झालं.

देशभराचे रस्ते घेतले तर एवढंही महाग पडतं. म्हणून पुढच्या संशोधकांनी बरंचसं काम आधीच करून ठेवायच्या युक्त्या काढल्या. २००८ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटानं मांडलेल्या रीतीत कमी महत्त्वाचे चौक एकेक करून बाजूला काढतात आणि त्यांच्या जागी 'इथून तिथे इतकी मिनिटं' असे आखूड मार्ग लिहून ठेवतात. प्रश्न आला की बहुतेक उत्तर तयारच असतं. ही रीत मला फार आवडते. पण ही बेगमी कुठल्या तरी एका प्रवाशासाठी करावी लागते. मोटारीसाठी केलेली सायकलला चालत नाही. मोटारीसाठी केलेली ट्रकलाही चालत नाही. जर्सी सिटीवरून जाणारा पुलास्की स्कायवे ट्रकना १९३४ पासून बंद आहे.

रेल्वे-बसचा हिशेब तर जातीनंच निराळा. रस्ता केव्हाही असतो, गाडी तिच्या वेळेलाच असते. तुम्ही फलाटावर दोन मिनिटं उशिरा पोचलात तर अंतर दोन मिनिटांनी वाढत नाही, पुढच्या गाडीपर्यंतच्या वेळानं वाढतं, आणि रविवारी ती गाडी तासानंही असू शकते. म्हणून सार्वजनिक वाहतुकीचा खाना भरताना वार आणि वेळ न सांगणं म्हणजे प्रश्नच न विचारणं. जर्सी सिटीकरांना हे सांगायला नको. कित्येक वर्षं शनिवार-रविवारी जर्नल स्क्वेअरहून तेहतिसाव्या रस्त्याला जाणारी पाथ होबोकेनचा वळसा घालून जायची. २०२५ च्या फेब्रुवारीत तर होबोकेनचं पाथ स्थानकच दुरुस्तीसाठी जवळजवळ महिनाभर बंद होतं. जानेवारीत केलेला तक्ता फेब्रुवारीत रद्दी.

हे सगळं मोजता येतं ते वेळापत्रकं खुली झाल्यामुळे. २००५ साली ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेनं गूगलबरोबर काम करून आपलं वेळापत्रक नकाशावर आणलं. त्यातून जीटीएफएस हा कुणालाही वापरता येणारा साचा तयार झाला, आणि आज जगभरच्या वाहतूक संस्था त्यात आपली माहिती देतात. पण ज्याला वेळापत्रकच नाही ते या साच्यात कसं बसणार? इथे बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यूवरून धावणाऱ्या खासगी जिटनी घ्या. भरली की निघाली, हात केला की थांबली. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या वाचकांना लगेच कळेल, आपलं वडापच ते. स्वयंपाकघरांत, दुकानांत काम करणारी कितीतरी माणसं रोज जिटनीनं येतात-जातात, पण वेळापत्रकावर चालणाऱ्या हिशेबात ती वाट उमटत नाही. नकाशावर जे नाही ते जगात नाही, असं मानायची सवय आपल्याला लागत चालली आहे.

आता तिसरा निर्णय, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. तक्ता बरोबर भरला तरी त्यातून एक हॉल कसा निवडायचा?

सोपं उदाहरण घेऊ. एका सरळ रस्त्यावर पाच घरं आहेत. एक शून्य मैलावर, ते जर्सी सिटीत. बाकीची चार २१, २२, २३ आणि २४ मैलांवर, एडिसनच्या आसपास. बेरीज कमीत कमी हवी असेल तर हॉल २२ व्या मैलावर घ्यायचा. सगळ्यांचा मिळून प्रवास २६ मैल, सरासरी ५.२. झकास! पण त्यातले २२ मैल एकट्या जर्सी सिटीकराचे. आता त्याचं घर आणखी लांब न्या, हवं तर शंभर मैलांवर. हॉल जागचा हलत नाही! बेरजेचा हा स्वभावच आहे. एकटा माणूस किती लांब आहे याची तिला पर्वा नसते, बहुमत कुठे आहे एवढंच ती पाहते.

उलट, सर्वांत लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी हवं असेल तर हॉल १२ व्या मैलावर जातो. कुणालाच १२ मैलांहून जास्त नाही, पण एकूण प्रवास ५४ मैल होतो. चार घरांना नऊ ते बारा मैल जावं लागतं आणि हॉल कुणाच्याच ओळखीच्या भागात नसतो. एस. एल. हकीमी यांनी १९६४ साली रस्त्यांच्या जाळ्यावर हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले. एकाला मध्यक म्हणतात, दुसऱ्याला केंद्र. गणितानं दोन्हींची उत्तरं दिली आहेत. कोणता प्रश्न विचारायचा ते मात्र गणित सांगत नाही.

काही वाचक म्हणतील, चार जणांना त्रास देऊन एकाची सोय का करायची? आक्षेप रास्त आहे. गाडीवाल्यांच्या बाजूनं आणखी एक सांगतो. नकाशासेवेचा वेळ दारापाशी संपतो, गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळ त्यात नसतो. रविवारी न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअरच्या आसपास ज्यानं घिरट्या घातल्या आहेत त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. जर्नल स्क्वेअरचा हॉल घेतला असता तर एडिसनकरांची कागदावरची ४० मिनिटं प्रत्यक्षात तासभर झाली असती.

तरीही मला सरासरी पटत नाही, आणि कारण भावनिक नाही. २१ मिनिटांची २७ झाली तर गाडीवाला कुरकुर करतो आणि येतो. ३४ ची ११० झाली की माणूस येतच नाही. मिनिटं सगळ्यांची सारखी मोजता येत नाहीत, कारण एका मर्यादेनंतर माणूस गळतो, आणि गळलेला माणूस पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नसतो. मग सरासरी आणखी चांगली दिसायला लागते. जे गळतात ते कोण? सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आईबाबा. स्टीव्हन्समध्ये शिकणारी, हाइट्समध्ये चौघांत एक घर घेऊन राहणारी मुलं. रात्री गाडी चालवणं सोडून दिलेले काका-मावशी. म्हणजे वाचनकट्ट्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज, नेमके तेच.

'मग त्यांना कुणीतरी गाडीनं आणावं' हे पुढचं वाक्य ठरलेलं. आणावंच, आणि त्याचाही हिशेब होतो. मराठीत आपण 'वाट वाकडी करून' कुणाकडे जातो. वाट किती वाकडी झाली याचं सूत्र सोपं आहे : माझ्या घरून त्यांच्याकडे जायचा वेळ, अधिक त्यांच्याकडून हॉलला जायचा वेळ, वजा माझ्या घरून थेट हॉलला जायचा वेळ. यासाठी घरांचा एकमेकांशी तक्ता लागतो, १४ गुणिले १४, आणि स्वतःपासून स्वतःचे खाने वगळले तर १८२. तो काढल्यावर दिसलं की हाइट्समधून निघणाऱ्या एका कुटुंबाची वाट काकांसाठी फक्त ७ मिनिटं वाकडी होते. बायोनहून येणाऱ्या, काकांना 'आमच्या वाटेवरच' समजणाऱ्या कुटुंबाची १९ मिनिटं. आपला अंदाज किती चुकतो पाहा.

एकाहून जास्त थांबे घेतले तर? इथे आपल्याकडचाच एक धागा आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमधल्या तागाच्या लागवडीचं सर्वेक्षण करत होते. नमुन्यासाठी निवडलेल्या ठिकाणांवर माणसं फिरवायला खर्च किती येईल हे त्यांना आधी कळायला हवं होतं. १९४० च्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे : ठरावीक प्रदेशात ठिकाणांची संख्या वाढली की फेरीची लांबी साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ठिकाणं चौपट, फेरी दुप्पट. त्याची काटेकोर सिद्धता बियर्डवुड, हॉल्टन आणि हॅमर्स्ली यांनी १९५९ साली दिली. आपल्यापुरता अर्थ असा की एकाच भागात राहणाऱ्यांना गोळा करताना पुढचा प्रत्येक थांबा आधीच्यापेक्षा स्वस्त पडतो. पहिल्या माणसासाठी गाडी वळवणं हाच खरा खर्च.

पण काकांना हे सूत्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "येईन की. पण कार्यक्रम कंटाळवाणा निघाला तर उठून जाता येणार नाही." विनोदानं म्हणाले, पण मुद्दा खरा आहे. दुसऱ्याच्या गाडीनं येणाऱ्याचा परतीचा खाना त्याच्या हातात नसतो. म्हणून मला वाटतं, आणण्या-नेण्याची सोय जागा निवडल्यानंतरची आहे. वाईट जागेवरची मलमपट्टी म्हणून ती वापरू नये.

आम्ही शेवटी अट घातली ती अशी : प्रत्येकाकडे जे वाहन आहे त्यानं, रविवारी दुपारी, कुणालाही ७५ मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये, आणि या अटीत बसणाऱ्या हॉलांमधून बेरीज कमीत कमी. बसला एकच हॉल, नॉर्थईस्ट कॉरिडॉरवरच्या एका स्थानकापासून चालत आठ मिनिटांवरचा. गाडीवाल्यांची सरासरी २१ वरून २७ झाली. सर्वांत मोठा आकडा ११० वरून ७० वर आला. गाडी लावायला पैसे पडतात म्हणून दोघांनी नाराजी नोंदवली आहे, ती मी तक्त्याखाली लिहून ठेवली आहे.

एक किरकोळ सूचना. तक्ता करताना मी चौदा कुटुंबांचे घरनंबर न विचारता एका सेवेच्या हवाली केले, ते चुकलंच. जवळच्या चौकाचा पत्ता दिला तरी उत्तरात मिनिटभराचा फरक पडतो. ज्यांना हौस आहे त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपची खुली माहिती आणि ओएसआरएम हा मोफत प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावा. मोटार, सायकल आणि पायी असे तिन्ही तक्ते कुणालाही पत्ते न देता निघतात.

परतीचा तक्ता मात्र अजून राहिला आहे. कट्टा संपतो सहाच्या सुमारास, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की तेव्हा मिट्ट काळोख असेल, आणि तोवर रेल्वेचं वेळापत्रकही बदलू शकेल. हिवाळ्याच्या आधी सगळे खाने पुन्हा मोजायला लागणार आहेत. या खेपेला नववी रांग आधी भरणार आहे.